शब्दचर्चा: लिहिणं गेलेल्या माणसाला काय म्हणायचं?

मलप्रभा:
बाबा कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मास्तर होते. गेल्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली. हात-पाय लवकर सुधारले. आता स्वतः दाढी करतात, शर्टाची बटणं लावतात, पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. बोलणं पहिल्यासारखंच. लिहिता मात्र येत नाही. पेन अगदी बरोबर धरतात, कागदावर लांब शिरोरेघ ओढतात, तिच्याखाली एक काना काढतात आणि हात थांबतो. पुढं काय काढायचं तेच त्यांना सापडत नाही.

हयातीच्या दाखल्यावर सही जमेना म्हणून अंगठा घेतला. त्याला माझी हरकत नाही. पण फॉर्म कन्नडात, आणि अंगठ्याशेजारी कारकुनानं लिहिलं ‘अनक्षरस्थ’. म्हणजे आपला निरक्षर! ज्यांनी गावातल्या पोरांना बाराखडी गिरवायला शिकवली, त्यांना. बाबांना कन्नड वाचता येतं, त्यांनी तो शब्द वाचला. तो बदला असा अर्ज द्यायचा आहे, मराठीत आणि कन्नडातही. डॉक्टरांच्या कागदावर ‘अग्राफिया’ आहे. मराठीत काय लिहू?

जुनाकोश:
लेखनलोप. जे होते ते नाहीसे झाले, हा अर्थ त्यात नेमका येतो. बोलणे जाते त्याला ‘वाचाघात’ हा शब्द रुळला आहे, त्या धर्तीवर ‘लेखनाघात’ही करता येईल, पण तो ऐकून कुणीतरी लेखनावर घाला घातला असे वाटते. ‘निरक्षर’ सपशेल चूक, कारण रूढ अर्थाने तो कधी शिकलाच नाही अशा माणसाचा शब्द आहे. अर्ज मराठीत असेल तर कृपया ‘अग्राफिया’ लिहू नका.

निपाणीकर:
लेखनलोप कोण बोलतं हो? वाचा गेली, नजर गेली, तसं ‘लिहिणं गेलं’. शेंबड्या पोरालाही कळतं.

आमच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आजारातनं उठले आणि वहीत रक्कम मांडता येईना. साधी बेरीज चुकायची. करंगळी दाखवा म्हटलं तर अंगठा पुढं करायचे, डावं-उजवं कळायचं नाही. वखारीत सगळे म्हणायचे, दिवाणजींचा हात गेला.

वाचोपचार:
बेळगावात वाचा-उपचाराचं काम करते, म्हणून लिहिते. ‘हात गेला’ म्हणू नका. हात शाबूत असतो, म्हणूनच घरच्यांना वाटतं की माणूस टाळाटाळ करतोय. दिवाणजींची जी चार लक्षणं तुम्ही सांगितलीत, लिहिणं, हिशेब, बोटं आणि डावं-उजवं, ती एकत्र दिसली की त्याला गेर्स्टमान लक्षणसमूह म्हणतात. मेंदूतज्ज्ञ गेर्स्टमान यांनी १९२४ पासून त्यावर लिहिलं. इजा बहुधा डाव्या मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात असते.

मलप्रभा, बाबांना अक्षरांची कार्डं द्या. कार्डं लावून शब्द जुळला, तर शब्द डोक्यात आहे, हाताला अक्षराचं वळण सांगणारी वाट तुटली आहे. कार्डंही जुळली नाहीत तर शब्दाची जोडणीच विस्कटली आहे. दोन्ही वेगळी दुखणी, उपचारही वेगळे. आणि वाचता येतं हे अर्जात जरूर लिहा. उलटाही प्रकार असतो. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ देजेरीन यांनी १८९२ मध्ये एक रुग्ण नोंदवला, तो लिहायचा पण स्वतःचंच लिहिलेलं त्याला वाचता यायचं नाही. वाचणं आणि लिहिणं एकदम जातं असं धरून चालू नका.

‘लोप’ मला खटकतो. सरावानं बऱ्याच जणांचं थोडंफार परत येतं. लोप म्हटल्यावर घरचे वहीच मिटून ठेवतात.

जुनाकोश:
लोप कायमचाच असतो हे कुठून आले? शब्द वापरात आणला की रुळतो. ‘लिहिणं गेलं’ हे वाक्य आहे, संज्ञा नव्हे. सरकारी कागदावर संज्ञा लागते.

मलप्रभा:
कार्डं लावून बघितली, ताई. ‘शाळा’ बरोबर लावलं, ‘विद्यार्थी’ पण, वेलांट्यांसकट. पेन दिलं की परत तीच रेघ. कन्नडातही तसंच, गोल वळण सुरू करतात आणि सोडून देतात.

चंदगडी:
मग सरळ ‘अक्षर गेलं’ म्हणा की. शब्द डोक्यात आहे, अक्षर तेवढं गेलंय.

जुनाकोश:
‘अक्षर गेलं’चा अर्थ हस्ताक्षर बिघडले असा होतो. शिवाय अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. ते जाईल कसे?

निपाणीकर:
व्युत्पत्तीत जात नसेल, माणसाचं जातं. ‘मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं’ म्हणतो तेव्हा आपण हाताचं वळणच सांगत असतो, आणि इथं गेलंय तेच. कन्नडात त्याला वेगळा शब्द आहे, ‘कैबरह’. कै म्हणजे हात, बरह म्हणजे लिखाण. माझं तर मत आहे की आपला बोरू ह्या ‘बरे’वरनंच आला. बरे म्हणजे लिहिणे.

चंदगडी:
काहीतरीच. बरू हे गवत आहे, आमच्याकडं ओढ्याकाठी वाढतं. त्याच्या काडीची लेखणी करायचे, म्हणून बोरू. गवत आधी.

वाचोपचार:
अर्जाचं राहून जातंय. ‘मेंदूच्या आजारामुळे लिहिण्याची क्षमता गेली आहे, वाचता व समजता येते’ असं सरळ वाक्य लिहा, डॉक्टरांचा कागद जोडा. सोबत कन्नड मजकूर हवा असेल तर मी बघून देते.

मलप्रभा:
हवा आहे, ताई. पण ‘निरक्षर’ खोडून त्याच जागी बसेल असा एकच शब्द मिळाला असता तर बरं झालं असतं. चौकट एवढीशीच आहे.

जुनाकोश:
लेखनलोप तेवढ्या चौकटीत बसतो. आणि बोरूचा कन्नडशी संबंध जोडायला आधार काय?

निपाणीकर:
आधार म्हणजे, तमिळातही ‘वरै’ आहे, चित्र काढणे, लिहिणे. कन्नडात तमिळच्या ‘व’चा ‘ब’ होतो हे तर मान्य आहे ना? मग दक्षिणेकडं एवढा पसरलेला लिहिण्याचा शब्द आपल्या सीमेवर येऊन थांबला असं कसं म्हणता?

चंदगडी:
लिहिण्याचा शब्द आला असेल, पण गवताला ते नाव कोण देणार? गुराख्यांनी का लिहून बघितलं होतं?