गाडीच्या कार्पेटला ओल: तुमच्याकडे पाणी नेमकं कुठून येत होतं?

पडवीवाली
शेजाऱ्यांनी आज गाडीतले सगळे मॅट पडवीच्या दांडीवर वाळत घातलेत. ते बघून आमच्या जुन्या गाडीचा एक पावसाळा आठवला. दार उघडलं की भिजलेल्या गोणपाटासारखा वास. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पाय टेकला की कार्पेटमधून पाणी वर. सगळे म्हणायचे, पावसाचे दिवस, ओल्या चपला, होणारच. पण उघडीप पडली तरी ओल हटेना, उलट एसी लावून रत्नागिरीला जाऊन आलं की वाढायची. देवरुखच्या मेकॅनिक काकांनी एकच प्रश्न विचारला, "एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं का?" ठिबकत नव्हतं! एसीच्या कॉइलवर हवेतली वाफ जमून जे पाणी होतं ते नळीने खाली पडायला हवं. नळीचं तोंड लाल मातीने बुजलेलं. काकांनी हवा मारली आणि भस्सकन पाणी बाहेर. आपली हवा इतकी दमट की हे पाणी थोडंथोडकं नसतं.

तुमच्याकडे काय निघालं? लिहा ना, गणपतीला गाड्या घेऊन येणाऱ्यांना उपयोग होईल.

फणसाखाली
वायपरखालची जाळी. गाडी झाडाखाली उभी असेल तर आधी तीच उघडा. आमच्या जाळीखाली कुजलेल्या पानांचा थर होता, पाणी वाहून जायची भोकं बंद, मग ते तुंबून ब्लोअरच्या वाटेने आत. सुरूच्या बनात गाडी लावणाऱ्यांनी तर जास्तच बघा, त्या बारीक काड्या कुठेही शिरतात.

कुंभार्ली उतार
सनरूफ!! घाट उतरताना ब्रेक दाबला की आतल्या लाइटजवळून धार बायकोच्या मांडीवर. सनरूफच्या कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, त्या खांबांतून खाली जातात. आमची पुढची एक तुंबलेली. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू सारून मोकळी केली. तार घालू नका, नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते, मग आणखी गोंधळ.

मालवणी खाजा
आमची डिकी ओली. माका वाटला मागच्या लाइटातसून पाणी येता. शेवटी बांगड्यांच्या डब्यातलो बर्फ निघालो 🙂 वास काय जाणा नाय, कोणाकडे उपाय आसा?

पडवीवाली
@मालवणी खाजा खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून काढा. फोमपर्यंत गेलं असेल तर मात्र कार्पेट काढूनच धुवावं लागेल.

वाशिष्ठीकाठ
२२ जुलै २०२१, चिपळूण. आमच्याकडे कारण शोधावं लागलं नाही, सीटवर पाणी होतं. गाडी चालू केली नाही, टो करून नेली, त्यामुळे इंजिन वाचलं. पण सीट काढून कार्पेट उचललं तर खालच्या फोममध्ये नुसता गाळ. वरून हात लावला तर कोरडं लागायचं. सीटखालची वायरिंगची जोडणी हिरवी पडलेली. पूर आलेल्या गाडीचं कार्पेट उचलल्याशिवाय ती कोरडी झाली असं म्हणू नका. पत्रा आतून गंजत जातो.

आंबेवाडी
@वाशिष्ठीकाठ ताई, वाचून गलबलून आलं. माझ्या आत्याचं घर बाजारपेठेत होतं, माळ्यावर बसून होते सगळे. तुम्ही सगळे सुखरूप होतात ना?

वाशिष्ठीकाठ
हो, माणसं सगळी ठीक. घर सावरायला वेळ लागला.

पाना नंबर दहा
गॅरेजमध्ये काम करतो म्हणून लिहितो. ओल दिसते तिथूनच पाणी शिरलेलं असतं असं नाही, ते पत्र्यावरून वाहत सगळ्यात खोल जागी जमतं. मॅट काढून कोरडे वर्तमानपत्र पसरा. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसऱ्याने साध्या पाइपने खालून वर, एकेका जागी थांबत पाणी सोडायचं. आधीच काचेवर सोडलं तर खालची गळती कळणार नाही. प्रेशर वॉशर नको, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी जातं. दाराखालची भोकं चिखलाने बंद असतात, आणि स्पीकर बसवताना डोअर पॅडमागचा प्लास्टिक कागद फाडून ठेवतात. त्यातून येणारं पाणी लोक बीडिंगच्या (दाराच्या कडेच्या रबराच्या) माथी मारतात आणि फुकट बीडिंग बदलतात, फार वाईट वाटतं.

पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल तर ते पाणी नाही, कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. हीटरची कॉइल गळतेय. गाडी तशीच पळवू नका.

फणसाखाली
@पाना नंबर दहा आमची पुढची काच बदलल्यापासून डॅशबोर्डखाली थेंब येतात. काचेचंच ना?

पाना नंबर दहा
बहुतेक. वरून सिलिकॉन फासू देऊ नका, काच काढून नीट चिकटवायला सांगा. काम नवीन असेल तर बसवणाऱ्याकडेच न्या.

कुंभार्ली उतार
गुहागरला कोणी आहे का? दाभोळ-धोपावे फेरी जोराच्या पावसात चालू असते का, परवा गाडी घेऊन यायचंय.

आंबेवाडी
वारा असेल तर बंद ठेवतात. निघायच्या आधी फोन करून विचारा.