कॉलेजातलं वयात येण्याचं नाटक: तुमचे अनुभव लिहा

माजघर
पावसाआधी कौलं परतायला गडी आलेत, म्हणून सकाळपासून माळा उपसतेय. ट्रंकेच्या तळाला आईच्या लुगड्यात गुंडाळलेली प्रॉम्प्टिंगची वही निघाली. १९९७, मी एस.वाय.ला. लेक नववीत आहे. तिने पायरीवर बसून दहा-बारा पानं सलग वाचली आणि विचारलं, "हे तुम्ही रत्नागिरीत केलंत? आजीसमोर?"

हो. आजीसमोर.

नाटक मूळ जर्मन, फ्रांक वेडेकिंडचं, १८९१ सालचं; इंग्रजीत 'स्प्रिंग अवेकनिंग'. चौदा-पंधराची पोरं. अंगात काय चाललंय ते त्यांना कळत नाही आणि घरात, शाळेत कुणी सांगत नाही. आमच्या इंग्रजीच्या सरांनी ते उचलून थेट खाडीकाठच्या गावात आणलं. वेंडलाची झाली वंदी. मला वाटलं होतं वंदी मीच. सरांनी माझी उंची बघितली, घोगरा आवाज ऐकला आणि मला वंदीची आई केलं. आठवडाभर रडले.

त्यात एक प्रवेश आहे. मोठ्या बहिणीला मूल झालंय आणि वंदी आईच्या मागे लागलीय, आता तरी सांग, मूल येतं कुठून. मुळात करकोचा मूल आणतो, आमच्याकडे 'कोंडा देऊन घेतलं'. पोरगी ऐकेना. म्हणते, लाज वाटते ना तुला, मग माझं तोंड पदराखाली झाक आणि सांग. (मुळात पदराऐवजी आईचा एप्रन.) आई तिच्या डोक्यावर पदर घेते. तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते. शेवटी एवढंच म्हणते की नवऱ्यावर मनापासून प्रेम करावं लागतं. संपलं सांगून. पुढे पोरीला दिवस जातात, मूल पाडण्यात ती जाते आणि थडग्यावर लिहितात पांडुरोगाने गेली.

तालमीत इथे रोज हसू फुटायचं. गॅदरिंगच्या रात्री आई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. पूर्णगडची वस्तीची गाडी चुकायला नको म्हणून मध्येच उठून गेली. पदराचा प्रवेश तेवढा बघितलान तिने. लुगडं तिचंच होतं माझ्या अंगावर.

तुम्ही केलंय असं काही? घरच्यांना न पटलेलं? लिहा. मी गड्यांचा चहा टाकून येते.

डिमरवाला
माजघर म्हणजे तूच काय गो ती घोगरी? मी लाइटवर होतो!! विंगेत टेबलाखाली बसलेला, आठव.

बाकीच्यांसाठी: तेव्हा आमच्याकडे डिमर म्हणजे मिठाचं पाणी. सिमेंटचा पाइप उभा करायचा, त्यात मिठाचं पाणी, तळाला एक पत्रा, वरून दोरीला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की उजेड चढतो, ओढला की मंद होतो. हात सुके ठेवायचे एवढंच सुरक्षेचं शिक्षण. शेवटच्या स्मशानाच्या प्रवेशापर्यंत पाणी तापून उकळायला लागलं आणि वाफ स्टेजवर. लोकांना वाटलं धुकं सोडलंय. टाळ्या! सर दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "धुक्याची कल्पना छान होती हो तुमची."

खाडीपलीकडची
मीठ कशाला विकत घेतलंत, समुद्र होता की शेजारी :)

डिमरवाला
आणलं होतं एकदा कळशी भरून. फ्यूज उडाला.

तिरफळ
वाचतेय. कुकर लावून येते.

पेजभात
माझी गजाल वायली. अकरावीत होतंय. मुली नाटकात घेवक नाय म्हणान पोरीचा काम माका दिल्यानी. घरात दशावतार, काकान आयुष्यभर सीता नि तारामती केल्यान, तेनाच माका लुगडा नेसूक शिकवल्यान. तालमीत आवाज कसो मधासारखो. प्रयोगाच्या दिवशी नेमको फुटलो. "आये, मी मोठी झालंय काय गे?" ह्या वाक्याक असो भसाडो आवाज इलो की मांडव हसान हसान आडवो. काका तेवढो हसाक नाय. घराक इल्यावर म्हटल्यान, "उद्यापासून राजाचा काम कर." तेच्यानंतर माका कोणी लुगडा नेसवूक नाय. रडलंय रे त्या रात्री, कोणाक सांगू नकात.

खाडीपलीकडची
पेजभात, वयात येण्याचं नाटक करताना स्टेजवरच वयात आलात की तुम्ही!

सड्यावरचा
मी शिकवतो, दर वर्षी युवा महोत्सवासाठी एकांकिका बसवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

हे नाटक लिहून झालं तरी रंगभूमीवर यायला पंधरा वर्षं गेली. १९०६ साली बर्लिनमध्ये माक्स राइनहार्टने केलं, तेही कापाकापी करून. स्मशानात शेवटी येणारा मुखवटेवाला माणूस त्या प्रयोगात वेडेकिंडने स्वतः केला होता. मला त्यातली शिक्षकांची मीटिंग सगळ्यात आवडते. एक विद्यार्थी जिवानिशी गेलाय आणि हे मास्तर वाद कशावर घालतात, तर खिडकी उघडायची की बंद ठेवायची. मास्तरांची नावंही उष्माघात, हाडमोड, माशीमरण अशा अर्थाची. आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रवेश वाचून दाखवला तर निम्मे हसले, निम्मे माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात एकाने उठून खरंच खिडकी लावली.

महोत्सवात अर्धा तास मिळतो, नटही मोजके. तीन अंकी नाटक अर्ध्या तासात म्हणजे सुरमईचं कालवण करायचं आणि डोकं-शेपूट तेवढं वाढायचं. त्यातून ऑगस्टचा पाऊस, पत्र्याचा हॉल. अर्धे संवाद पावसानेच म्हणायचे.

हल्लीच्या मुलांना मोबाइलवर सगळं कळतं म्हणतात. गेल्या वेळी एका मुलाला स्टेजवर 'पाळी' एवढा एक शब्द उच्चारायचा होता. जमेना. चेहरा लाल, मान खाली. शेवटी भाट्याच्या किनाऱ्यावर नेला, म्हटलं, समुद्राकडे तोंड करून ओरड. ओरडला पंधरा-वीस वेळा. मागे एक म्हातारी शिंपल्या गोळा करत होती. ती म्हणाली, "अरे कळलं हो, कुणाची पाळी आलीय पण?" त्या दिवसापासून बिनधास्त म्हणतो.

जांभा
ह्याचंच इंग्रजीत म्युझिकल आहे ना? २००६ ला ब्रॉडवेवर आलं, टोनी पुरस्कारही मिळाले बरेच. त्यात पोरं माइक काढून रॉक गातात. कोकणात केलं तर जाखडी नाच घालावा लागेल.

डिमरवाला
घातलं होतं, जाखडी नव्हे पण. तो मुखवटेवाला माणूस आमच्या सरांनी संकासुर केला! आपल्या नमन-खेळ्यांच्या लोकनाट्यातला. काळे कपडे, कमरेला घुंगुर. मेलेला मित्र स्वतःचं मुंडकं काखेत घेऊन कबरीतून उठतो, जिवंत मित्राला म्हणतो चल माझ्याबरोबर, आणि तेवढ्यात छम छम करत संकासुर येतो आणि पोराला हाताला धरून परत जगण्याकडे नेतो. गुहागरकडची चार पोरं मागच्या रांगेत होती, ती उठून नाचायलाच लागली. सर विंगेत कपाळाला हात लावून. मग म्हणाले, राहू दे, बरोबर आहे ते.

मुंडकं मी केलं होतं. सोललेला नारळ, वर कागदाचा लगदा. प्रयोगानंतर नारळ फोडून खाल्ला आम्ही.

चिकूवाडी
मुंडकं काखेत घेणारा मी. म्हणजे तुमच्या कॉलेजात नाही, दुसरीकडे, बऱ्याच वर्षांनी. नापास होण्याच्या भीतीने जीव देणारा तो मुलगा. खरं सांगतो, मला ते काम अभिनयाचं वाटलं नाही. एटीकेटी लागलेली, दोन विषय, घरी सांगितलं नव्हतं. तालमीत सर म्हणायचे, वा, काय घाबरतोस! मी खराच घाबरत होतो.

प्रयोगाला बाबा आले. कधी येत नाहीत. गावातल्या कुणीतरी सांगितलं असणार, विषयांचं. संपल्यावर रंग पुसत होतो, तर विंगेत येऊन उभे. हातात काजूगरांची पुडी. बाकीची पोरं सरकली बाजूला. बाबा बराच वेळ माझ्या गळ्यापाशी बघत होते, तिथे लाल रंग लागला होता. मग म्हणाले, "नापास झालास तर एस.टी. धरून सरळ घरी यायचं. दुसरीकडे कुठे जायचं नाही." एवढंच. आणि पुडी टेबलावर ठेवून गेले. चेहऱ्याला लावलेलं खोबरेल डोळ्यात गेलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

दोन्ही विषय सुटले पुढच्या खेपेला. बाबांनी तो विषय परत काढला नाही.

खाडीपलीकडची
चिकूवाडी, :( काय बोलू. काजूगर ओले की सुके?

चिकूवाडी
ओले. रात्रीच उसळ केली रूमवर. चौघांना पुरली नाही.

माजघर
गडी जेवायला बसले, आले. डिमरवाला, तू!! केस राहिलेत काय?

आणि तुझ्या त्या वाफेने माझ्या लुगड्याला जो खारट वास लागला तो आज ट्रंक उघडल्यावर आला असं मला वाटलं. मनाचे खेळ असतील. डांबरगोळ्यांचाही होता.

तिरफळ
कुकर झाला, भाजी राहू दे आता.

मी वंदी होते. माजघरवाल्यांची नव्हे, अशीच एक, दुसऱ्या नाटकातली. वयात येणाऱ्या मुलीचं काम, पहिली पाळी, घरात बाजूला बसवणं, सगळं होतं त्यात. दीड महिना तालमी. प्रयोगाच्या दोन दिवस आधी भाऊंना, म्हणजे वडिलांना, कुणीतरी विषय सांगितला. भाऊ ओरडले नाहीत. सायकल घेऊन कॉलेजात आले, सरांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चल." सायकलच्या मागे बसून घरी आले. तालमीची ओढणी तिथेच राहिली.

प्रयोग आमच्या घराच्या मागच्या मैदानात होता. स्पीकर लावलेले. मी विहिरीवर बसून ऐकलं सगळं. माझ्या जागी जिला घेतलं तिला वाक्यं पाठ नव्हती, ती अडकली की मी इथून पुढचं म्हणत होते, हळू. आई धुण्याची बादली घेऊन आली, रात्री नऊ वाजता. कोण धुणं धुतं नऊ वाजता! बादली ठेवून शेजारी बसली. एका जागी ती मुलगी फारच अडकली तर आई मला म्हणते, "पुढचं काय आहे गो?"

पेजभात
तिरफळताई, हयसर गप बसलंय. काय लिवचा सुचना नाय.

सड्यावरचा
ओढणी परत मिळाली का?

तिरफळ
नाही सर. तिनेच घेतली असणार. तिला शोभायची पण ती, मोरपंखी होती.

जांभा
विषयांतर: पूर्णगडची वस्तीची गाडी अजून आहे का हो? लहानपणी आजोळी त्याच गाडीने जायचो, खिडकीची काच कधी वर व्हायचीच नाही.

खाडीपलीकडची
आणि स्टॅंडवरचा बटाटवडा खाल्ल्याशिवाय ती सुटायची नाही.

सड्यावरचा
माजघर, आई त्या रात्री काही बोलल्या का? प्रवेश बघून गेल्या म्हणालात.

माजघर
त्या रात्री नाही. रविवारी घरी गेले तेव्हा लुगडं धुऊन, घडी करून घेऊन गेले होते. आई मागच्या दारी बांगडे साफ करत होती, मी विळीजवळ बसले. वाट बघत होते काहीतरी म्हणेल. बराच वेळ काही नाही. कल्ले काढले, पोट काढलं, पाणी ओतलं. मग खाली मान घालूनच म्हणाली, "पदर असा नाय घेत. तू तिच्या नाकावरून ओढलास, पोर गुदमरली असती. कपाळापर्यंत घ्यायचा. असा." आणि ओल्या हाताने, मासळीच्या वासाच्या, स्वतःचा पदर उचलून माझ्या डोक्यावर धरून दाखवलान.

मी आत होते तेवढा वेळ. कोळशाचा, मासळीचा, तिच्या घामाचा वास. उजेड लाल दिसत होता पदरातून. मला वाटलं आता सांगेल. मी एकोणीस वर्षांची, मला काय सांगायचं राहिलं होतं म्हणा. पण वाटलं.

पदर काढला आणि म्हणाली, "मीठ-हळद लाव त्यांना."

आता लेक विचारतेय तो प्रवेश म्हणून दाखव. ती वंदी होणार म्हणे, मी आई. लुगडं झटकून ठेवलंय ओट्यावर. वहीची शेवटची दोन पानं वाळवीने खाल्लीत, संकासुर काय बोलतो तेच गेलंय. डिमरवाल्या, तुला आठवतंय का? लाइट गेली, मोबाइल बारा टक्के.

डिमरवाला
बोलणं नाही गो आठवत, मी टेबलाखाली. पण घुंगुर माझ्याकडेच राहिले होते. आमच्या पाड्याच्या गळ्यात आहेत.