मदत हवी आहे : अर्विन जॅकेटचं साल आणि माप

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहते. लिंकनशायरच्या एका जुन्या बाजारात मेंढीच्या कातड्याचं फ्लाइंग जॅकेट घेतलंय. विकणारा म्हणाला, "दुसऱ्या महायुद्धातलं, आरएएफचं," म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं. त्याच्या शब्दावर किती जायचं!

बांधणी अर्विनसारखीच, म्हणजे त्या काळी आरएएफचे वैमानिक घालत त्या जॅकेटसारखी. बाह्यांना मनगटापासून कोपरापर्यंत चेन, कमरेला पट्टा, कॉलरमागे छोटे पट्टे. मानेजवळचं लेबल मात्र निघालंय, चार टाके तेवढे उरलेत. म्हणजे 'एएम'चा (एअर मिनिस्ट्री, ब्रिटिश हवाई मंत्रालय) मुकुट नाही, कंत्राट क्रमांक नाही, साइजही नाही. पाठ तीन-चार तुकडे जोडून केलीय. सुरुवातीच्या जॅकेटांना कातड्याचे मोठे, मोजकेच तुकडे वापरत. युद्धात माल वाचवायला छोटे तुकडे जोडू लागले, एवढं माहीत आहे. मग हे 1941 नंतरचं धरावं का? की पुढच्या काळातली नक्कल? चेनच्या रनरवर 'डॉट' (चेनचा ब्रँड) कोरलंय, पण चेन बदललेलीही असू शकते.

दुसरं, मापाचं. सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत 22 इंच भरतं. दुप्पट 44, पण आतली लोकर इतकी जाड की 40 छातीच्या नवऱ्याला घट्ट होतं. लोकरीसाठी किती इंच वजा करता? कातडं आक्रसलंय हे कशावरून ओळखायचं?