ब्रिटनच्या जनमत चाचण्या एकमेकींशी जुळतच नाहीत, धरायचं कुणाचं?

इंदिरानगरची आई (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न राजकारणाचा असला तरी माझ्या घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी मुलगी लेस्टरला नर्स आहे. येत्या फेब्रुवारीत तिला तिकडे चार वर्षं होतील. २०२५ च्या नियमाने पाच वर्षं भरली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, त्या हिशेबाने ती आणि जावई पै पै साठवताहेत. भाऊबीजेला तिच्या भावाला मोबाईलसमोर पाटावर बसवलं, तिने तिकडून ओवाळलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आई, रिफॉर्म आली तर आमचं काय गं?" त्या दिवसापासून मला चैन नाही.

नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की सत्ता आली तर ही कायमची परवानगीच रद्द करू. आज सत्तेत असलेल्या लेबरनेही पाचाची दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडलाय. म्हणजे कोण पुढे नि कोण मागे, याचा आमच्या घराशी सरळ संबंध आहे.

मी बँकेत ३१ वर्षं काम केलं. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, अशी शिस्त. त्याच सवयीने एक दोनशेपानी वही घेतली, पक्षांचे रकाने आखले आणि रोज रात्री तिकडच्या चाचण्यांचे आकडे उतरवायला लागले. आता अडलेय. एकाच आठवड्यातली एक कंपनी रिफॉर्मला २७ टक्के देते, दुसरी ३० च्या वर. लेबर एकीकडे दुसऱ्या नंबरवर, तर दुसरीकडे ग्रीन पक्षाच्याही खाली. देश एक, आठवडा एक, मग फरक इतका कसा? कुणीतरी चुकतंय की कुणीतरी मुद्दाम करतंय? आणि ३० टक्के म्हणजे सरकार येणार असं धरायचं का?

कृपया जाणकारांनी सांगा. रिफॉर्म चांगली की वाईट, हा वाद इथे नको.

---

पिंपळगावकर

ताई, मी कांदा आणि द्राक्षवाला माणूस. मला जे दिसतं ते सांगतो.

लिलावात ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. व्यापारी येतो, वरचे चार कांदे हातात घेतो, दाबून बघतो, पत्ती बघतो आणि बोली लावतो. मागून दुसरा येतो, तो ट्रॉलीच्या दुसऱ्या अंगाला हात घालतो. माल तोच, पण एकाच्या हाताला गोळा कांदा लागला आणि दुसऱ्याच्या हाताला जोड निघाला, तर बोलीत दोनशेचा फरक पडतो. खरा माल कळतो खळ्यावर ट्रॉली खाली केल्यावर. खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघाली की वांधा सुरू. या चाचण्या म्हणजे वरचे चार कांदे. खळं होईपर्यंत कुणाचं मनावर घेऊ नका.

२०२४ ला आपल्याकडे काय झालं? मतदान संपल्या संपल्या बहुतेक चॅनलनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं. आल्या २९३. आमच्या दिंडोरीत निर्यातबंदीने कांद्याची माती झाली होती, पारावरच्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. केंद्रात मंत्री असलेल्या भारतीताई पवार पडल्या, भगरे सर निवडून आले. चॅनलवाला पारावर आलाच नाही.

तिकडची निवडणूक २०२९ पर्यंत व्हायची आहे म्हणतात. वही मिटवा आणि शांत झोपा. आमच्या यंदा पावसाने छाटण्या लांबल्या, मलाही झोप नाही, म्हणून रात्री बारा वाजता लिहितोय.

---

गणिताचे सर, सातपूर

पिंपळगावकर, कांद्याचं उदाहरण अगदी बरोबर आहे, पण "वही मिटवा" हे मला पटलं नाही. ताई, वही चालू ठेवा. फक्त आकडे वाचायची रीत बदला.

चार कांदे बघून ट्रॉलीचा अंदाज येतो, पण ते चार कांदे सगळ्या थरांतून यायला हवेत. खरी अडचण तिथेच आहे. २०११ च्या जनगणनेला माझ्याकडे श्रमिकनगरच्या गल्ल्या होत्या. सकाळी दहाला गेलो की दार उघडणारे बहुतेक म्हातारे आणि घरी असणाऱ्या बायका. पहिल्या पाळीचे कामगार कंपनीत, रात्रपाळीचे झोपलेले, कित्येक खोल्यांना कुलूप. पहिल्या दिवशी जी माणसं भेटली तेवढ्यांवरून मी वस्तीचं वर्णन लिहिलं असतं, तर सातपूर हे पेन्शनरांचं गाव ठरलं असतं. एका खोलीत चार पोरं राहायची, त्यांना गाठायला मी सहा वेळा गेलो. शेवटी रात्री साडेअकराला, पाळी सुटल्यावर, सायकल लावता लावता त्यांनी माहिती दिली.

ब्रिटनमध्ये २०१५ ला हेच झालं. चाचण्या म्हणत होत्या लेबर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह बरोबरीत. निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह साडेसहा टक्क्यांनी पुढे, आणि बहुमत. मग पॅट्रिक स्टर्जिस या प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. निष्कर्ष असा की नमुनाच तिरका होता, त्यात लेबरवाले प्रमाणापेक्षा जास्त आले होते. त्याच काळात दोन मोठे अभ्यास झाले, त्यांत पत्ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून माणूस भेटेपर्यंत पुन्हा पुन्हा दार वाजवलं होतं. त्यांचे आकडे निकालाच्या बरेच जवळ आले. पण अशा कामाला महिने आणि पैसे लागतात. दर आठवड्याची चाचणी तशी होऊच शकत नाही. ती बहुतेक इंटरनेटवर, आधी नाव नोंदवलेल्या लोकांत होते.

मग कंपन्या काय करतात? तरुण कमी आले तर आलेल्या तरुणांचं वजन वाढवतात. शिक्षण, प्रांत, मागच्या वेळचं मत, सगळ्याला असं वजन देतात. प्रत्येक कंपनीची वजनं वेगळी, आणि तुमच्या वहीतला फरक बराचसा तिथून येतो. त्यात "अजून ठरलं नाही" म्हणणारे असतात. एक कंपनी त्यांना बाजूला ठेवते, दुसरी विचारते की आजच मत द्यायचं झालं तर कुणाला द्याल, तिसरी त्यांच्या वयावरून आणि मागच्या मतावरून अंदाज बांधते. कुणी फक्त "नक्की जाणार" म्हणणाऱ्यांनाच मोजतं. २०२४ ला तिकडे शंभरातले साठच मतदानाला गेले. ते साठ कोण, हे आधी ओळखण्यातच चाचणीचा कस लागतो. रिफॉर्मचे लोक सध्या "नक्की जाणार" म्हणताहेत. म्हणून जी कंपनी फक्त त्यांनाच मोजते तिच्या आकड्यांत रिफॉर्म वर दिसणार. यात लबाडी नाही, गृहीतक आहे. ब्रिटिश पोलिंग कौन्सिल नावाची संस्था आहे, तिच्या सदस्य कंपन्यांना विचारलेला प्रश्न आणि सगळे तक्ते जाहीर करावे लागतात. आपल्याकडे हे झालं पाहिजे असं मला फार वाटतं.

शिवाय हजार माणसांच्या नमुन्यात तीन टक्के इकडे-तिकडे होणारच. खरा आकडा ३० असेल तर २८ आणि ३२ दोन्ही प्रामाणिक आहेत.

ताई, तुम्ही बँकेतल्या. दोन शाखांची रजिस्टरं एकमेकींशी जुळवत नव्हतात ना? एका शाखेचं कालचं आजशी जुळवायचात. इथेही तसंच करा. एक कंपनी धरा आणि तिचीच महिन्यामागून महिना ओळ लावा. आकडा चुकीचा असला तरी चढ-उतार बहुधा खरा असतो.

आता सरकारचं. इथे टक्के बघून काही कळत नाही. २०२४ ला लेबरला मतं ३३.७ टक्के आणि ६५० पैकी जागा ४११. रिफॉर्मला १४.३ टक्के आणि जागा ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला रिफॉर्मपेक्षा कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२! कारण त्यांची मतं ठरावीक मतदारसंघांत दाटून होती, रिफॉर्मची देशभर विरळ पसरलेली. आता रिफॉर्म ३० च्या आसपास आणि बाकी चार मोठे पक्ष विशीच्या आत असतील, तर कुठे कोण कुणाची मतं खातो यावर सगळं ठरणार. जागांचे अंदाज सांगणाऱ्या मोठ्या चाचण्याही त्या वेळी शेवटच्या आठवड्यात एकीत लेबरला ४३१ आणि दुसरीत ४८४ म्हणत होत्या.

एक चाचणी मात्र मी मनापासून मानतो. मतदानाच्या दिवशीची. तिथे सव्वाशे-दीडशे मतदान केंद्रांबाहेर लोकांना खोटी मतपत्रिका देतात, ते तिच्यावर खूण करून पेटीत टाकतात. केंद्रं शक्यतो मागच्या वेळचीच. त्यामुळे "इथे मागच्यापेक्षा किती बदललं" एवढंच मोजायचं असतं. रात्री दहाला, म्हणजे आपल्याकडे अडीचला, ती जाहीर होते. २०२४ ला लेबरला ४१० म्हणाले होते. मी जागा होतो. सकाळी ४११ बघून अंगावर काटा आला. त्यांनीही रिफॉर्मला १३ दिल्या होत्या, म्हणजे नव्या पक्षाचं माप त्यांनाही नीट लागलं नाही, हेही लक्षात ठेवा.

---

इंदिरानगरची आई

सर, शाखेच्या रजिस्टरचं वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खरंच दोन शाखांची कॅश एकमेकींशी जुळवत बसले होते. आज एकाच कंपनीचे जानेवारीपासूनचे आकडे काढले. रिफॉर्मची चढण त्यात स्पष्ट आहे, म्हणजे भीती निराधार नाही. पण हे लोक बदलतातही ना? की एकदा चढला की चढला?

---

पंचवटी ते लेस्टर

मावशी, नमस्कार. मी मूळचा पंचवटीचा, इथे नऊ वर्षं झाली. लोक बदलतात, आणि कधी कधी चाचणी बघूनच बदलतात.

तुमच्या भाऊबीजेच्याच दिवशी, २३ ऑक्टोबर २०२५ ला, वेल्समध्ये केरफिली इथे पोटनिवडणूक होती. शंभर वर्षांचा लेबरचा बालेकिल्ला. आठवडाभर आधीच्या चाचणीत रिफॉर्म ४२, वेल्सचा स्थानिक पक्ष प्लाइड कमरी ३८, लेबर १२. निकालात प्लाइड ४७, रिफॉर्म ३६, लेबर ११. ज्यांना रिफॉर्म नको होती त्यांनी आकडे पाहिले आणि जो तिला हरवू शकेल त्याच्यामागे उभे राहिले. आणि निकाल कधी अगदी थोडक्यातही लागतो. २०२५ च्या मे महिन्यात रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत रिफॉर्म जिंकली ती फक्त ६ मतांनी. सहा! आमच्या गल्लीत त्याहून जास्त माणसं राहतात.

आणि देशाचा आकडा आपल्या गावाला लागू पडतोच असं नाही. २०२४ ला कॉन्झर्व्हेटिव्ह देशभर आपटले, पण लेस्टर ईस्टची जागा, जी २०१९ ला लेबरने जिंकली होती, ती त्यांनी घेतली. नव्याने मिळवलेली त्यांची तेवढी एकच. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये लेबरचा मोठा नेता अपक्षाकडून हजाराच्या आत मतांनी पडला. देशभराच्या टक्क्यांत असं काही दिसत नाही.

पण मला विचारायचं होतं ते वेगळंच. तुमच्या मुलीने मतदार यादीत नाव घातलंय का? बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, कायमची परवानगीही लागत नाही. केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवायचा, पाच मिनिटांचं काम. मी पहिली तीन वर्षं मत दिलं नाही, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. त्याची हळहळ अजून आहे.

---

पिंपळगावकर

हे मला माहीत नव्हतं. ताई, वही मिटवा म्हणालो ते मागे घेतो. आधी पोरीला फोन करा.

---

इंदिरानगरची आई

केला. तिलाही माहीत नव्हतं, जावयांनाही नाही. चार वर्षं!

काल रात्री साडेअकराला तिचा उलटा फोन आला, तिकडे सहा वाजले होते, ड्युटीवरून नुकती आली होती. म्हणाली, सिटी कौन्सिलचं पत्र महिन्यापूर्वीच आलंय, घरात राहणाऱ्यांची नावं बरोबर आहेत का विचारणारं. घरमालकाचं असेल म्हणून फ्रिजच्या वर ठेवून दिलं होतं. मी म्हटलं, आत्ता काढ, मी फोन ठेवत नाही. तिने कॅमेऱ्यासमोर पाकीट फोडलं, वाचून दाखवलं, मग लॅपटॉप उघडला. आधी तिचं नाव, मग जावयांचं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात "भारतीय" लिहिताना क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आई, खरंच चालतं गं."

पंचवटीच्या दादा, तुमचे आभार कसे मानू. मार्चमध्ये मी तिकडे चाललेय, तुम्हाला काही आणायचं असेल तर हक्काने सांगा. सर, वहीत आज नवं पान काढलंय. एकच कंपनी, महिन्याच्या पहिल्या आठवड्याचा एकच आकडा.