हानलेला दोन वर्षं काम: दर खेपेला मुंबईला येऊन पुन्हा वर जाणं कितपत सोसतं?

घाटलेकर
नमस्कार मंडळी. घरातल्या एकाला लडाखात हानलेला विजेच्या देखभालीचं दोन वर्षांचं काम मिळतंय. सहा आठवडे वर, मग तीन आठवडे चेंबूरला घरी, अशी पाळी. वय 41, दिवसाला पाच-सहा सिगरेटी, बीपीची अॅम्लोडिपिन 5 चालू, रात्री घोरणं भरपूर. कंपनी म्हणते, "पहिले दोन दिवस त्रास, मग सवय होते." डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) रोज घ्यायची का? निघण्याआधी कोणत्या तपासण्या करायच्या? दोन वर्षांत कायमचं काही बिघडतं का?

फुप्फुसपुराण
सवय होते हे खरं, पण ती मुंबईत दोन-तीन आठवड्यांत उतरतेही, हे कंपनी सांगत नाही. पहिल्या खेपेला माणूस जपून असतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला "आपण तर तिथलेच" म्हणून लेहला उतरल्या दिवशी सामान उचलतो आणि तिथेच फसतो. उंचावर राहणारा माणूस खाली जाऊन परतला की फुप्फुसांत पाणी भरू शकतं. हा हेपचाच (उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरण्याच्या आजाराचाच) एक प्रकार आहे आणि तो जन्मापासून डोंगरात राहणाऱ्यांनाही होतो. म्हणून तीन आठवड्यांनी जाताना दर वेळी नवखाच समजा.

हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो, कमी असतो तो दाब. हानले सुमारे 4300 मीटरवर आहे, तिथे दाब मुंबईच्या साधारण साठ टक्के. लेह 3500 मीटरवर. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, म्हणजे लेहहून एका दमात हानले नाही. भारतीय सैन्यात 2700 ते 3600 मीटरच्या टप्प्याला सहा दिवस आणि पुढे 4500 पर्यंत आणखी चार दिवस देतात. तुमच्यासाठी: लेहला पहिले दोन दिवस निव्वळ आराम, एकूण पाच-सहा दिवस तिथेच, मग वाटेतल्या चुमाथांगला दोन रात्री, मग हानले. हे दिवस पगारी धरायचे की नाही, ते करारात आधीच लिहून घ्या. नाहीतर सुपरवायझर "गाडी उभी आहे" म्हणतो.

डायमॉक्स 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून हानलेला पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. दोन वर्षं रोज नाही. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. घाबरायचं कारण नाही. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. बीपी पहिल्या आठवड्यात चढतं. गोळी बंद करू नका, मनाने वाढवूही नका. मशीन सोबत न्या.

आता दोन वर्षांचं. पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं ते रक्तातलं पाणी कमी झाल्याने. खऱ्या तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. 4000 मीटरला मुंबईच्या आकड्यापेक्षा सुमारे तीन ग्रॅम जास्त हे नैसर्गिक धरतात, त्यामुळे 18 ला लॅबने लाल खूण केली तरी तो आजार नव्हे. पुरुषांत 21 किंवा वर (बायकांत 19), शिवाय डोकं जड, कानात आवाज, तळहात-तळपायांची आग, ओठ निळसर, झोप नाही, असं असेल तर तो मोंजचा आजार, म्हणजे उंचीवर तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढणं. पेरूच्या कार्लोस मोंज यांनी तो 1925 मध्ये मांडला. सहसा वर्षानुवर्षं राहिल्यावर होतो, पण घोरणं आणि सिगरेट दोन्ही त्याला हातभार लावतात. रक्त काढणं तात्पुरतं. खरा उपाय खाली येणं.

हिमोग्लोबिन मुंबईत तिसऱ्या आठवड्यात तपासाल तर ते उतरलेलं असेल आणि सगळं छान वाटेल. घरी यायला खाली उतरताना लेहला तपासा.

निघण्याआधी: सीबीसी (रक्तपेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी; उजव्या बाजूचा दाब लिहायला सांगा), स्पायरोमेट्री (फुप्फुसांची फुंकायची तपासणी), घोरण्यासाठी स्लीप स्टडी.

बुखारी_नको
वरच्यांनी शरीराचं लिहिलं, मी खोलीचं लिहितो. बंद खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) किंवा केरोसिन हीटर रात्रभर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बोटावरचा ऑक्सिमीटर तो पकडत नाही. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, म्हणून आकडा झकास आणि माणूस बेशुद्ध. बॅटरीवरचा सीओ अलार्म इथूनच न्या.

ऑक्सिमीटर वापरायचा तर रोज सकाळी एकाच वेळी, पाच मिनिटं बसून, हात चोळून गरम करून. एका आकड्याला अर्थ नाही, तो रोज घसरतोय का ते बघा.

कंपनीकडे मागायचं तर ऑक्सिजन वाढवलेली झोपायची खोली मागा. वाढवलेल्या दर एक टक्क्याला उंची साधारण 300 मीटरने उतरल्यासारखी. 24 टक्के केलं की झोप लेहच्या उंचीची. चिलीत 5000 मीटरवरच्या अल्मा दुर्बिणीच्या जागी कामाच्या खोल्यांत असं करतात. त्या खोलीत काडी ओढायची नाही, एवढंच.

तब्येत बिघडून खाली न्यायची वेळ आली तर ऑक्सिजन सिलिंडरचा हिशोब: बी-टाइप आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर. मिनिटाला 4 लिटरने सहा तास. लेहपर्यंत गाडी सात-आठ तास घेते. म्हणून दोन हवेत, भरलेले, आणि चावी सिलिंडरलाच बांधलेली.

आणि हो, पाणी तिथे 86 अंशांना उकळतं. प्रेशर कुकर न्या, डाळ तशी शिजणार नाही.

घाटलेकर
आभार! एक राहिलं. मूळ गाव नंदुरबारकडचं. शाळेच्या शिबिरात सिकलसेल "एएस" (म्हणजे आजार नाही, फक्त वाहक) निघालं होतं, पण त्रास कधीच नाही.

फुप्फुसपुराण
हे आधी सांगायला हवं होतं. एएस वाहकाला मुंबईत काही जाणवत नाही; उंचावर ऑक्सिजन घटला की पेशी वाकड्या होऊन प्लीहेचा (डाव्या बरगडीखालच्या अवयवाचा) रक्तपुरवठा अडू शकतो. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि रक्तविकारतज्ज्ञांनी लेखी होकार दिल्याशिवाय सही नको. माझं मत विचाराल तर हानलेऐवजी लेहच्या ऑफिसातलं काम मिळतं का ते पाहा. तरी गेलेच, आणि डाव्या बरगडीखाली अचानक दुखलं, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. ऑक्सिजन लावायचा आणि त्याच दिवशी लेहचं हॉस्पिटल गाठायचं. गाडीच्या ड्रायव्हरला आणि शेजारच्या खोलीतल्याला हे आधीच सांगून ठेवा.