श्रद्धेवर लिहायला बसले की आपोआप प्रवचनच होतं, काय करू?

नगरची_पिंपरीकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. आमच्या चर्चच्या नाताळ विशेषांकासाठी पाळकसाहेबांनी मला लेख द्यायला सांगितलाय, विषय "माझी श्रद्धा आणि माझं रोजचं जीवन", आठशे शब्द. मी बँकेत आहे, लिहायची तशी सवय आहे म्हणजे व्हॉट्सॲपवर मोठमोठे मेसेज लिहिते, लोक वाचतातही, हसतातही. पण श्रद्धा म्हटलं की काय होतं कोण जाणे, हात जड होतो. पहिलंच वाक्य असं आलं की "प्रभूच्या असीम कृपेने व त्याच्या अपार प्रीतीने मी आज आपणासमोर...". नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला आमेन कधी म्हणायचं तेवढं सांग.

तीनदा खोडून लिहिलं. एक तर पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, भाषा येते, प्रियजनहो, यास्तव, कृपासन, नाहीतर मग एकदम इंग्लिश पुस्तकांतून उचलल्यासारखं "देवाने माझ्या आयुष्यात काम केलं" वगैरे. आम्ही घरात असं बोलतच नाही हो. माझी मराठी नगरची आहे आणि लेखातली मराठी कुठल्या गावची आहे तेच कळत नाही.

मराठीत कुणी ख्रिस्ती माणसाने देवाबद्दल आणि घरातल्या भांड्याकुंड्यांबद्दल एकाच आवाजात लिहिलंय का? काय वाचू? धर्मावर वाद घालायला धागा काढलेला नाही, तसले प्रतिसाद प्लीज नकोत.

जुना_वाचक_नाशिक

ताई, उत्तर तुमच्याच नगरात आहे की! लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर आजच आणा आणि वाचलं असेल तर पुन्हा वाचा, या वेळी फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवून, पाणी.

मी स्वतः ख्रिस्ती नाही, आमच्याकडे अजून गौरी-गणपती बसतात, पण हे पुस्तक मी चार वेळा वाचलंय. बाईंचा जन्म १८६८ चा, आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात मीठसुद्धा धुवून घ्यायचे. आता मीठ धुतल्यावर काय उरत असेल ते तुम्हीच बघा. अकराव्या वर्षी लग्न, लिहावाचायला शिकवलं ते नवऱ्याने. आणि नवरा म्हणजे नारायण वामन टिळक, एकदम मोठा कवी आणि घर चालवायला एकदम निरुपयोगी, हातात पैसा आला की वाटेतच कुणालातरी देऊन मोकळा. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, तिथून सगळं सुरू झालं आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंच्या घरी आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या लहान मुलाला घेऊन टिळकांकडे नगरला आल्या, पण सोवळं घेऊनच आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं.

मला जे सांगायचंय ते इथून पुढे. त्या कुणाचं प्रवचन ऐकून बदलल्या नाहीत. राहुरीला असताना एकदा जातीचाच विचार करत बसल्या आणि मनात आलं की देवाने माणूस केला, जात काही त्याने केलेली नाही. झालं. त्यानंतर त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी तांब्या बदलला, मग धर्म. आणि हे सगळं त्या कशा लिहितात तर शेजारच्या बाईला कठड्यावर बसून सांगितल्यासारखं, स्वतःची फजिती पहिली. अख्ख्या पुस्तकात "असीम कृपा" शोधून दाखवा.

पानवेलीचा_वसईकर

नाशिककरांना अनुमोदन, पण फक्त टिळक-टिळक करू नका रे, आम्ही वसईवाले पण आहोत इकडे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो वाचा. लोकांना ते आठवतात २०२० च्या उस्मानाबादच्या संमेलनामुळे, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्षपदी पहिल्यांदाच ख्रिस्ती धर्मगुरू, त्यावरून किती गदारोळ झाला ते सगळ्यांनी बघितलं. पाठीच्या दुखण्याने त्रस्त होते तरी गेले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. आम्ही त्यांना ओळखतो ते मात्र 'सुवार्ता' मासिकामुळे आणि हरित वसईमुळे. आमच्या विहिरी, केळीच्या बागा, पानवेली वाचवायला हा माणूस झगा घालून रस्त्यावर उतरला होता. माझे वडील म्हणायचे फादरचं सगळ्यात चांगलं प्रवचन मोर्चात झालं, आल्तारावर, म्हणजे चर्चच्या वेदीवर, नाही. त्यांचं 'सुबोध बायबल' म्हणजे नेमकं ताईंच्या दुखण्यावरचं औषध आहे, नावातच सुबोध. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय त्याला. 'नाही मी एकला' हे आत्मचरित्र पण बघा.

आमची गंमत अजून वेगळी. घरात आम्ही सामवेदी ही आमची बोली बोलतो, चर्चमध्ये पुस्तकी मराठी, ऑफिसमध्ये हिंदी-इंग्लिश. आजी मिस्साला गेली की मराठीत प्रार्थना म्हणायची आणि घरी येऊन देवाशी सामवेदीत भांडायची. तुम्हाला निदान घरची भाषा आणि चर्चची भाषा दोन्ही मराठी आहेत, त्यातल्या त्यात बरंय.

राहुरीचा_पाहुणा

सगळं मान्य. पण एक कडू बोलतो, राग मानू नका.

मराठी ख्रिस्ती लेखक म्हटलं की दर वेळी टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी. मोठी माणसं आहेत, प्रश्नच नाही. पण तिघांच्या घरी पोथ्या होत्या, लिहिण्यावाचण्याची परंपरा होती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समाज, उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार-मांग वस्त्यांमधून. आमच्यासारख्यांच्या घरी सोवळंच नव्हतं तर सोडणार काय? नाशिककरांच्या त्या पाण्याच्या गोष्टीत आम्ही कुठे आहोत माहितीये का, आम्ही ते आहोत ज्यांच्या हातचं ती घेत नव्हती. माझी पणजी दुष्काळात मिशनच्या दारात आली असं घरात सांगतात, कुठला दुष्काळ, कुठलं गाव, काही नाही. नावसुद्धा मिशनने ठेवलेलं. तिची श्रद्धा काय होती? भाकरी होती का येशू होता? माझ्या बापाला विचारलं तर तो म्हणाला तिला फरक कळायची गरजच पडली नसेल.

तर ताई, लक्ष्मीबाई वाचा जरूर, भाषा शिकायला त्यांच्यासारखी शाळा नाही. पण त्यांची नक्कल करू नका. तुमच्या घरात कोण होतं ते लिहा.

जुना_वाचक_नाशिक

पाहुणे, कान पकडले. ते "आम्ही ते आहोत" वाचून मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला. चार वेळा वाचलंय म्हणून मिरवत होतो, पण त्या तांब्याच्या पलीकडे कोण उभं आहे ते एकदाही बघितलं नाही.

एकच सांगतो, वाद म्हणून नाही. ते पुस्तक निघालं मुलाच्या आग्रहाने, देवदत्तला वडिलांच्या आठवणी हव्या होत्या. म्हणजे बाई लिहायला बसली दुसऱ्याबद्दल आणि लिहून झालं स्वतःचं. १९३४ पासून भाग यायला लागले तेव्हा वय साठीच्या पुढे. ताईंनीही स्वतःच्या श्रद्धेवर लिहायचं डोक्यातून काढून दुसऱ्या कुणावर लिहिलं तर?

अनुस्वार

मी फक्त भाषेपुरतं बोलतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

"चर्चची मराठी कृत्रिम आहे" ही तक्रार फार जुनी. रमाबाईंची हीच तक्रार होती. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायच्या मागे लागल्या, संस्कृत शब्द ओळखून ओळखून काढले, आणि ही बाई स्वतः संस्कृतची पंडिता, त्याच पदवीने ओळखली जाणारी! छपाईचं काम मिशनमधल्या मुली-बायकांनीच केलं. १९२२ ला त्या वारल्या, छापील बायबल त्यानंतरचं.

आणि उलटं टोक बघा, गोव्यात फादर स्टीफन्स, इंग्रज माणूस, १६१६ ला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, चक्क ओव्यांमध्ये, आणि स्वर्गाला शब्द कुठला तर वैकुंठ. कारण ऐकणाऱ्याच्या कानात तोच शब्द होता. टिळकांचंही तेच, अभंगातच लिहीत गेले, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. शब्द अवघड आहे का सोपा हा मुद्दाच नाही हो, तो कुणाच्या तोंडात होता एवढंच बघायचं. तुमचा "असीम" कुणाच्या तोंडात आहे? कुणाच्याच नाही. काढा.

नगरची_पिंपरीकर

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना थँक्यू. 'स्मृतिचित्रे' शाळेत धडा म्हणून झालं होतं, अख्खं कधी वाचलंच नाही, आज लंच टाइममध्ये ऑर्डर केलं. दिब्रिटो फादरांचं पण बघते. राहुरीचे दादा, तुमचं वाचून खरंच गप्प झाले, आमच्याकडेही असंच आहे, आजीच्या आईच्या मागे काहीच माहीत नाही.

अनुस्वार, तुम्ही तोंडात असलेला शब्द म्हणालात त्यावरून एक आठवलं, लेखात घेण्यासारखं नाहीये पण सांगते. माझी आजी चौथी शिकलेली, पण पवित्र शास्त्र रोज वाचायची, बोट ठेवून, मोठ्याने. त्यात मत्तयाच्या पुस्तकात ते आहे ना, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या". तर आमचे पप्पा बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घामाघूम होऊन दारात आले की आजी ओट्यावरून ओरडायची, "आले गं आले, भाराक्रांत जनहो आले, पाणी द्या कुणीतरी!" आम्हाला लहानपणी वाटायचं की भाराक्रांत म्हणजे भाजीवाला. मी चौथीत पेपरात लिहिलं होतं तसं वाक्यात उपयोग करून, बाईंनी लाल गोल केला.

पानवेलीचा_वसईकर

"लेखात घेण्यासारखं नाहीये" 😂😂 अहो ताई!!

राहुरीचा_पाहुणा

हाच लेख आहे. अजून काय पाहिजे.

अनुस्वार

आणि बघा, शब्द पार संस्कृत निघाला. रमाबाई बहुतेक खोडायला निघाल्या असत्या आणि तुमच्या आजीने पेन्सिल हातातून काढून घेतली असती.

नगरची_पिंपरीकर

अहो पण पाळकसाहेबांना चालेल का, त्यांना वाटेल वचनाची चेष्टा केली. तिच्या मनात तसलं काही नव्हतं हो. ती खरंच पाणी द्यायला लावायची. पप्पा पाणी पिऊन तिथेच पायरीवर टेकायचे आणि ती पुढचं हळू आवाजात म्हणायची, "म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन". ते आम्ही कुणी ऐकत नव्हतो, आम्ही पिशवीत चिक्की आहे का ते बघत असायचो.

जुना_वाचक_नाशिक

पाळकसाहेबांना हेच वाचून दाखवा, शेवटच्या दोन वाक्यांसकट. नाही म्हणाले तर मला कळवा, आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात छापतो, ख्रिस्ती लेखिका म्हणून नाही, आजी आवडली म्हणून.

नगरची_पिंपरीकर

रात्री बसले आणि लिहिलं. सुरुवात टाकते, सांगा:

"आमच्या गावचा बाजार शनिवारी भरायचा. त्या दिवशी आजी पवित्र शास्त्र घेऊन दाराशीच बसायची, कारण तिथे उजेड चांगला असायचा आणि रस्ताही दिसायचा. वाचता वाचता एक डोळा वचनावर आणि एक रस्त्यावर. मत्तयाच्या अकराव्या अध्यायाचं पान तिच्या प्रतीत बाकीच्यांपेक्षा काळं झालं होतं. पप्पांच्या दोन्ही हातांत पिशव्या..."

नवऱ्याला वाचून दाखवलं. आमेन म्हणाला नाही. पुढे काय झालं म्हणाला.

राहुरीचा_पाहुणा

झकास. एकच, बाजार नक्की शनिवारचाच ना? गावातली माणसं वाचणार असतील तर सगळ्यात आधी तेच धरतील.

नगरची_पिंपरीकर

थांबा, आईला फोन लावते.

नगरची_पिंपरीकर

आई म्हणते मंगळवारी भरायचा. आणि पिशव्या कसल्या, गोणी असायची खांद्यावर, पिशव्या तू पिंपरीत बघितल्यास.

अनुस्वार

गोणी! मग तर खरंच भाराक्रांत. बदला लगेच.