मे महिन्यात ग्रीसला शिडाच्या बोटीनं: आईला झेपेल का?

वाईची_बाई
मे महिन्याच्या सुट्टीत मी, हे, मुलगी (वय १३) आणि माझी आई (६६) असे चौघं ग्रीसला जायचं म्हणतोय. बसनं पळवणारी सहल नको आहे. शिडाची बोट घेऊन लहान लहान बंदरांतून आठवडाभर सावकाश हिंडायचं आहे. आईचं माहेर बामणोलीकडचं, कोयनेच्या पाण्यातून लाँचनं ये-जा करतच ती वाढली, त्यामुळे पाण्याची भीती नाही. पण समुद्राच्या लाटा वेगळ्या. बोट चालवता कुणालाच येत नाही. कोणती बेटं घ्यावीत? रोज किती तास? आम्ही शाकाहारी आहोत.

हरिपूरकर
ताई, जरूर जा, आणि आईंना घेऊनच जा. मी, सौ., भाऊ आणि वहिनी असे मे महिन्यातच जाऊन आलो. वहिनी तेव्हा ६४ वर्षांच्या होत्या.

बोट स्किपरसकट, म्हणजे चालवणाऱ्यासकट घ्या. स्वतः चालवायची तर परवाना दाखवावा लागतो. स्किपर बोटीवरच राहतो. एक केबिन त्याला द्यावी लागते आणि त्याचं जेवणखाण आपल्याकडे.

बेटं सरोनिक आखातातली घ्या: एजिना, पोरोस, हायड्रा. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून, म्हणजे अशा बोटींच्या बंदरातून, शनिवारी निघून पुढच्या शनिवारी परत. एजिनाचा पहिला टप्पा पंधरा-सोळा सागरी मैलांचा, म्हणजे तीन-साडेतीन तास. बाकीचे बहुतेक त्याहून लहान. सायक्लेड्सकडे, म्हणजे मिकोनोस-सँटोरिनीला, आईंना घेऊन बोटीनं जाऊ नका. तिथं उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. त्याचा खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण ते पाणी एरवीही जास्त उघडं. आपल्याकडे वारा उठला की आभाळ भरून येतं, माणूस सावध होतो. मेल्तेमी मात्र कोऱ्या निळ्या आभाळातून दिवसच्या दिवस वाहतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, आणि तो कमी दाबाचा पट्टा पुढे थेट आपल्या मान्सूनला जाऊन मिळतो. हे कळल्यावर मला तर तो वारा घरचाच वाटायला लागला.

एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. दुपारी दोनच्या आत पुढच्या बंदरात पोचा. उशीर झाला की धक्क्यावर जागा उरत नाही, आणि घाईत बोट लावण्यासारखा ताप नाही. तिथं बोट पाठमोरी लावतात. पोरोसला धक्का बराच लांब असताना स्किपरनं पुढून नांगर सोडला, साखळी खडखडत गेली आणि बोट हळूहळू मागं सरकू लागली. मागच्या दोन्ही टोकांना दोर. एक त्यानं वहिनींच्या हातात दिला आणि फेकायची खूण केली. पहिल्यांदा दोर पाण्यात पडला. ओलाच ओढून वेटोळं करून त्यांनी पुन्हा टाकला, तो धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्यानं झेलून कडीतून ओवून परत दिला. पुरात गुळाच्या काहिलीतून माणसं उतरवताना हरिपुरात असेच दोर फेकलेले मी लहानपणी पाहिलेत. वहिनींच्या तळहातावर लाल वळ उठला होता, तो त्या रात्रीपर्यंत सगळ्यांना दाखवत होत्या.

हायड्रा दिवसा बघा. गाड्यांना बंदी आहे, सामान खेचरांवरून जातं, घरं डोंगराला चिकटलेली. मुक्काम मात्र समोरच्या एर्मिओनीला करा. हायड्राचं बंदर चिमुकलं. आम्ही रात्री राहिलो आणि सकाळी आमच्या साखळीवर दुसऱ्याचा नांगर पडलेला. सोडवायला पाऊण तास गेला, उन्हात सगळे ताटकळले.

खाण्याची काळजी करू नका. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे. व्लिता मिळाली तर सोडू नका. तो आपला माठच, उकडून लिंबू पिळलेला. एजिनाचे पिस्ते घ्याच.

तासगावचा_गडी
काकांचं बरोबर आहे. आम्ही मित्र सप्टेंबरात पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रात होतो: लेफ्काडा, मेगानिसी, इथाका. तिथं सकाळी पाणी तेलासारखं शांत आणि दुपारनंतर वायव्येचा वारा. शिडं दुपारीच भरतात. फक्त अथेन्सहून लेफ्काडापर्यंत बसनं पाच-साडेपाच तास जातात. आई बरोबर असतील तर सरोनिकच घ्या.

वाईची_बाई
दोघांचे खूप आभार. काका, वहिनींना बोट लागली का? आणि आईचा उजवा गुडघा दुखतो, चढ-उतार कितपत?

हरिपूरकर
पहिल्या दिवशी थोडं मळमळलं, कारण त्या खाली केबिनमध्ये पिशव्या लावत बसल्या होत्या. बोट चालू असताना खाली बसू द्यायचं नाही. वर, मागच्या बाजूला, नजर लांब क्षितिजावर. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच.

गुडघ्याचं आधी विचारलंत ते बरं केलंत. बोट लागण्यापेक्षा अवघड आहे ती फळी. बोटीच्या मागून धक्क्यावर उतरायला जेमतेम फूटभर रुंद फळी टाकतात, कठडा नाही, खाली पाणी, आणि शेजारून फेरी गेली की ती हलते. दिवसातून चार-पाच वेळा त्यावरून जावं लागतं. शिवाय केबिनमध्ये उतरायला उभ्या पायऱ्या, त्या पाठमोऱ्याच उतरायच्या. बोट ठरवतानाच रुंद फळी आणि हाताला धरायला दोर मागून घ्या. आम्ही मागितला नव्हता. मग मी धक्क्यावर, भाऊ बोटीवर, आणि वहिनी मधे, दोघांचे हात धरून, असं आठवडाभर चाललं.